ग्वाल्हेरला जानेवारीत येताय? थंडीच्या बातम्या अशा वाचा

पुण्या-मुंबईकडची मंडळी लग्न-मुंजीला यायची असली की बातम्या बघून आधी फोन करतात, "काकू, तिकडे 'हाड कँपाने वाली ठंड' आहे म्हणे!" अहो, ती दर वर्षीच असते. 'ठिठुरा ग्वालियर', 'बर्फीली हवाओं का प्रहार' हे सगळं ऐकून सोडून द्या. किमान, कमाल आणि दृश्यता, एवढेच आकडे बघा.

'शीतलहर' म्हटलं की किमान बघायचं. आमच्यासारख्या मैदानी भागात पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला की हवामान खातं हा शब्द वापरतं, २ किंवा त्याखाली आला की 'तीव्र' जोडतं. पण ही रात्रीची आणि पहाटेची गोष्ट. आभाळ मोकळं असेल तर दहाला छान ऊन पडतं. गच्चीवर चटई टाकायची, शेंगा फोडत बसायचं, नाहायचं ते त्यानंतरच.

खरा वैरी 'कोल्ड डे'. नाव साधं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. किमान १० च्या आत आणि दिवसाचं कमाल सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी, असा त्याचा हिशेब. आमचं जानेवारीतलं कमाल एरवी २२-२३ असतं, ते १८ च्याही खाली येतं. धुकं वर चढून दिवसभर लटकतं, सूर्य दिसत नाही, वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळीही ओलाच. इथे या गारठ्याला 'गलन' म्हणतात. एक जाड कोट पुरत नाही. आत थर्मल, वर स्वेटर, लोकरीचे मोजे आणि कानटोपी. फरशीवर अनवाणी चालायचं नाही. शेगडी पेटवलीत तर बंद खोलीत ठेवून झोपू नका, त्या धुराविना येणाऱ्या वायूने जीव जातो.

'पश्चिमी विक्षोभ', म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढगाळ, पावसाळी हवा, आला की ढग येतात, रात्र उबदार होते, कधी पाऊसही शिंतडतो. फसू नका. तो पुढे सरकला की आभाळ निवळतं, उत्तरेकडचं वारं सुटतं आणि पारा धाडकन उतरतो. स्वेटर बॅगेत तळाशी घालायची घाई नको.

'पाला', म्हणजे पानांवर दव गोठणार, असं ऐकलात तर तुळशीवर जुनी चादर घाला. तापमापक जमिनीपासून चार-एक फुटांवर असतो, जमिनीलगत त्याहून गार असतं. बातमीत ३ अंश म्हणतात आणि इकडे पानं काळी पडतात.

धुक्यात किती लांबचं दिसतं, म्हणजे दृश्यता, ती मीटरमध्ये सांगतात: २०० च्या आत 'घना', ५० च्या आत 'अति घना'. तसं सांगितलं असेल तर दिल्लीकडून येणाऱ्या गाडीचा भरवसा धरू नका आणि पुढची गाडी त्याच दिवशीची काढू नका.