रोजच्या जगण्यात सुवार्ता: कुणाला, किती आणि कशी सांगावी

सुवार्ता म्हणजे येशू ख्रिस्ताविषयीची आनंदाची बातमी. ती सांगायला वेगळा दिवस काढू म्हटले की तो दिवस बहुधा उजाडतच नाही. त्यापेक्षा नेहमी भेटणारी चार-पाच माणसे धरा: शेजारी, सहकारी, नातलग. येशूचा शिष्य अंद्रिया यानेही आधी सख्ख्या भावालाच गाठले (बायबल, योहान १:४१). नावे वहीत लिहा आणि रोज प्रार्थना करा, पण मागणे नेमके असू द्या: एकाची परीक्षा, दुसरीच्या आईचे ऑपरेशन. पुढच्या भेटीत त्याचीच चौकशी करायची, म्हणजे बोलायला विषय शोधावा लागत नाही. वीस नावे लिहिलीत तर आठवडाभरात वही मिटते.

साक्ष, म्हणजे ख्रिस्तामुळे आपले आयुष्य कसे बदलले ही स्वतःची गोष्ट, आधी लिहून काढा. तीन मिनिटांत मावेल एवढी, साधारण ३०० शब्द. प्रेषितांची कृत्ये २६ मध्ये पौलाने राजा अग्रिप्पासमोर दिलेली साक्ष पाहा: आधीचे आयुष्य (४-११), ख्रिस्ताची भेट (१२-१८), नंतरचे जगणे (१९-२३). बिघडते ते पहिल्या भागात. जुनी व्यसने, भांडणे रंगवण्यात वेळ जातो आणि प्रभूचे नाव येईतो ऐकणाऱ्याची बस येते. त्या भागाला पाऊण मिनिट पुरे. लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्यांना आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही असे वाटते. त्यांनी गेलेली एखादी भीती किंवा कुणाला केलेली क्षमा सांगावी. मग मंडळीबाहेरच्या माणसाला न कळणारे शब्द खोडा. ‘माझे तारण झाले’ऐवजी ‘देवाने माझे अपराध माफ केले’ म्हणा. ही काटछाट कंटाळवाणी खरी, पण साक्ष इथेच सुधारते.

मात्र साक्ष म्हणजे अख्खी सुवार्ता नव्हे. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला (१ करिंथ १५:३-४), हे आलेच पाहिजे. नाहीतर ऐकणारा ‘तुला शांती मिळाली, बरे झाले’ म्हणून विषय संपवतो.

बोलताना आधी विचारा, मग ऐका. रथात बसून शास्त्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याला फिलिप्पाने ‘वाचता ते समजते काय?’ एवढेच विचारले (प्रेषितांची कृत्ये ८:३०-३१) आणि बोलावल्यावरच तो रथात चढला. कुणी अडचण सांगितली तर ‘आत्ता प्रार्थना केली तर चालेल का?’ असे विचारा. होकार आला तरच करा. अर्धे मिनिट, साध्या भाषेत. प्रार्थनेच्या आडून प्रवचन नको, समोरच्याला ते लगेच कळते.

साहेबाने हाताखालच्या माणसाशी हा विषय स्वतःहून काढू नये, कारण त्याला ‘नको’ म्हणता येत नाही. मदतीला ऐकण्याची अट जोडू नका. दुसऱ्याच्या श्रद्धेची चेष्टा तर मुळीच नको; १ पेत्र ३:१५ उत्तर द्यायला सांगते, तेही सौम्यतेने. अवघड प्रश्न आला तर ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणा आणि आठवड्याच्या आत खरोखर सांगा.

कुणाला पुढे जाणून घ्यायचे असेल तर मार्काचे शुभवर्तमान एकत्र वाचा. येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधील चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचे. आठवड्याला दोन घेतले तर आठ आठवडे. दर वेळी दोनच प्रश्न: येशू इथे कसा दिसतो, आणि काय पटत नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येताच खोडायला धावू नका. त्यांना चर्चच्या उपासनेला आणायची घाई करू नका. त्यांनी स्वतःहून विचारले की बरोबर जा, शेजारी बसा आणि कधी उभे राहायचे, अर्पणाची पिशवी आली तर काहीच टाकायला नको, हे आत शिरण्याआधीच सांगून ठेवा.