मारुती ८००च्या मडगार्डाचा पोचा घरी काढताय? या चुका टाळा

आमच्या १९९८च्या मारुती ८००चं डावं मडगार्ड मे महिन्यात सोसायटीच्या फाटकाला लागून चेमटलं. तळहाताएवढा पोचा. मी सरळ पुट्टी भरली, घासली, रंग मारला. गाडी झक्क दिसत होती! गणपतीपर्यंत तिथे बोराएवढे फुगे आले. नखाने उचकटलं तर पुट्टीची खपलीच हातात आली आणि खाली गंज.

मुळात पोचा काढलाच नव्हता, नुसता बुजवला होता. पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेला की तो आज ना उद्या तडकतो, म्हणून आधी पत्रा जागेवर आणायचा. चाक काढलं की मागून हात जातो. आतून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) खोलगट भागाला दाबून धरा आणि बाहेरून पोच्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या वळीवर हलक्या हाताने हातोडी चालवा, कडेकडून मध्याकडे. मीही आधी मधोमध दणके घालून पाहिले होते. त्याने पत्रा ताणला जातो, आणि मग तो तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टक-टक आत-बाहेर होत राहतो. तसं झालं तर डेंटरकडे जा. तो तापवून पत्रा आवळतो.

दुसरी चूक पाण्याची. दोरीवर कपडे वाळत होते, धूळ उडू नये म्हणून मी पुट्टी ओल्या पॉलिश पेपरने घासली. पुट्टी पाणी पिते, आणि ते पाणी रंगाखाली पत्र्याशीच बसून राहतं. पुट्टी कोरडीच घासा, आधी ८० नंबरने, मग १८०ने. पाणी फक्त प्रायमरनंतर. तोंडाला मास्क हवाच.

पुट्टी घट्ट होण्यासाठी तिच्यात कालवायचं हार्डनर अंदाजपंचे नको. शंभर ग्रॅम पुट्टीला साधारण दोन ग्रॅम. कमी पडलं तर पुट्टी मऊ राहून पेपरला चिकटते, जास्त झालं तर रंगावर डाग उमटतात. घासल्यावर बारीक भोकं दिसली तर कालवताना हवा शिरली असं समजा. फेटू नका, पात्याने दाबून मळा. रंगावर पांढुरकी साय आली तर हवा दमट आहे. पावसाळ्यात हे हमखास होतं, कोरड्या दिवसाची वाट बघा.

मडगार्डाची खालची कड गंजून भोक पडलं असेल तर भरण्याच्या फंदात पडू नका. पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, सरळ बदला. मागचा पत्रा मात्र बॉडीला वेल्ड केलेला असतो, तिथे हा उपाय नाही.

रंग नुसत्या कंपनीच्या रंगाच्या कोडवरून आणू नका. इतक्या वर्षांच्या उन्हाने मूळ रंग उतरलेला असतो. गाडीच दुकानात न्या, एक कोपरा पॉलिश करून त्याच्याशी जुळवून घ्या.

आणि रंगाआधी बोल्ट आवळून दरवाजा उघडून बघा. दुसऱ्या खेपेला मी ते रंगानंतर केलं, आणि दरवाज्याच्या कडेने ताज्या रंगावर वीतभर ओरखडा काढला.