परदेशातील वास्तव्यानंतर मुलासह कोठे स्थायिक व्हावे, हे कसे ठरवावे

परदेशात आठ-दहा वर्षे काढल्यावर आईवडील ‘आता परत जाऊ’ असे म्हणतात, तेव्हा त्यातील ‘परत’ हा शब्द फक्त त्यांच्यापुरता खरा असतो. जे मूल परदेशातच जन्मले किंवा तान्हेपणी तेथे गेले, त्याच्यासाठी ते आयुष्यातील पहिले स्थलांतर असते, आणि आईवडिलांचा मायदेश हा त्याला सुट्टीत पाहिलेला, लाड करणाऱ्या माणसांनी भरलेला देश असतो. ठिकाण निवडताना होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ मला या एका शब्दात दिसते. म्हणून कोणतेही ठिकाण, मग ते जन्मगाव असो, सध्याचे शहर असो किंवा तिसराच एखादा देश असो, मुलाच्या एका साध्या दिवसाच्या मापाने तपासावे, असे या लेखाचे सांगणे आहे. या कामाला निदान वर्षभराचा अवधी द्यावा. कागदपत्रे आणि शाळाप्रवेश या दोन गोष्टी आपल्या घाईला दाद देत नाहीत.

पहिली पायरी: जाण्याची कारणे वेगवेगळी लिहून काढा

आई आणि वडील या दोघांनी एकमेकांना न दाखवता दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: येथून का निघायचे आहे, आणि तेथे काय हवे आहे. पहिल्या उत्तरात नोकरीचा कंटाळा, हवामान, एकटेपणा अशा गोष्टी येतील. त्यांवरून निघण्याची निकड कळते, पण जायचे कोठे हे कळत नाही. ठिकाणाची निवड दुसऱ्या उत्तरावर करायची असते. कागद समोरासमोर ठेवल्यावर एकाला म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहायचे आहे आणि दुसऱ्याला केवळ स्वतःचे घर हवे आहे, असे निघाले तर ती भिन्नता आत्ताच कळलेली बरी.

येथे आठवणींविषयी सावध राहावे. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दांपत्याने १९६३ साली असे मांडले की, परदेशी रुळताना माणसाच्या मनःस्थितीत जसा चढउतार होतो, तसाच तो मायदेशी परतल्यावर पुन्हा एकदा होतो. परतणाऱ्याला हा दुसरा उतार अधिक अनपेक्षित वाटतो, कारण आपल्याच माणसांत रुळावे लागेल अशी त्याची कल्पना नसते. आपल्याला आठवते ते गाव त्या काळचे असते आणि तेथील आपणही त्या वयाचे असतो. जवळच्या माणसांसाठी जायचे असेल, तर त्यांच्याच शहरात राहायला हवे की तीन तासांच्या अंतरावर राहूनही चालेल, हे त्यांनाच विचारावे. पुष्कळदा दुसरे उत्तर मिळते आणि निवडीला मोठा वाव राहतो.

दुसरी पायरी: हक्क आणि कागदपत्रे तपासा

हे काम रूक्ष आहे, पण काही पर्याय येथेच गळून पडतात. कुटुंबातील प्रत्येकाला त्या देशात राहण्याचा, काम करण्याचा आणि सरकारी शाळा व आरोग्यसेवा वापरण्याचा हक्क आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे. आईवडिलांपैकी एकाचे नागरिकत्व मुलाला आपोआप मिळतेच असे नाही. काही देशांत जन्माची नोंद ठरावीक मुदतीत करावी लागते आणि काही देश दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. जन्मदाखला, विवाहाचा दाखला आणि शाळेची प्रमाणपत्रे यांवर अपोस्टिल घ्यावे. १९६१ च्या हेग करारात सामील असलेल्या देशांमध्ये या एका शिक्क्याने दस्तऐवजाचा अस्सलपणा मान्य होतो. हे काम कागद जारी करणाऱ्या देशात करायचे असल्याने निघण्यापूर्वीच उरकावे. लसीकरणाच्या नोंदींत लसीचे नाव आणि तारीख दोन्ही असावीत, कारण देशोदेशीची वेळापत्रके सारखी नसतात.

आईवडील विभक्त असतील किंवा एकाचा स्थलांतराला विरोध असेल, तर हा मुद्दा सर्वांत आधी सोडवावा. बालकांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणासंबंधीचा १९८० चा हेग करार १६ वर्षांखालील मुलांना लागू होतो आणि मुलाचे नेहमीचे वास्तव्य कोठे आहे यावर तो उभा आहे. मुलाच्या ताब्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या पालकाच्या संमतीवाचून मुलाला करारातील एका देशातून दुसऱ्या देशात नेले, तर त्याला परत पाठवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, मग नेणारा पालक स्वतःच्या मायदेशी गेलेला का असेना. येथे तोंडी होकारावर विसंबू नये. संमती लेखी घ्यावी आणि वकिलाला दाखवावी.

करासाठी निवासी कोणाला धरायचे, हे ठरवताना अनेक देश वर्षातील १८३ दिवसांच्या वास्तव्याची मर्यादा लावतात, परंतु कित्येक ठिकाणी कायमचे घर आणि कुटुंब कोठे आहे हेही पाहिले जाते. निघण्याची तारीख काही आठवडे मागेपुढे केल्याने कराचा हिशेब बदलू शकतो, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वीच सल्ला घ्यावा.

तिसरी पायरी: मुलाचे वय आणि भाषा यांचा मेळ घाला

आता खऱ्या कामाला सुरुवात होते. घरात आईवडिलांची भाषा बोलणाऱ्या मुलाविषयी ‘भाषेची काही अडचण नाही’ असे आपण मोठ्या विश्वासाने सांगतो. ती भाषा बहुधा जेवणाच्या, झोपेच्या आणि लाडाच्या शब्दांची असते. त्याच भाषेत अपूर्णांक समजून घेणे किंवा इतिहासाच्या प्रश्नाचे पानभर उत्तर लिहिणे हे वेगळे काम आहे. कॅनडातील शिक्षणसंशोधक जिम कमिन्स यांनी हा भेद स्पष्ट केला: नव्या भाषेत संभाषणापुरते सहज बोलायला मुलाला साधारण दोन वर्षे पुरतात, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. मूल फडाफडा बोलते म्हणून शाळा मदत काढून घेते आणि त्यानंतर गुण घसरतात, असा प्रकार या अंतरामुळेच घडतो.

मैदानावरचे एक दृश्य डोळ्यांसमोर आणावे. मधल्या सुट्टीत चार मुली कट्ट्यावर बसल्या आहेत आणि पाचवी नुकतीच परदेशातून आली आहे. एकीने कोणाची तरी नक्कल केली, तिघी हसल्या आणि पाचवी त्यांच्याकडे पाहून क्षणभराने हसली. तिला शब्द सगळे कळले होते. नक्कल कोणाची होती, ते कळले नव्हते. तो एक क्षण दिवसातून वीस वेळा येतो, आणि संध्याकाळी ती घरी येऊन ‘डोके दुखते आहे’ एवढेच सांगते. असे मूल आजारी नसते आणि कमकुवतही नसते. ते दिवसभर भाषांतराचे कष्ट उपसून आलेले असते, आणि निवडलेल्या ठिकाणी त्या कष्टांची दखल घेणारे कोणी असणार आहे का, हे आपल्याला पाहायचे आहे.

वयाचा विचार करता, प्राथमिक शाळा सुरू होण्याच्या आसपासचा काळ सर्वांत सोपा जातो, कारण त्या वर्गात सगळीच मुले नवी असतात. अकरा ते तेरा या वयात मैत्रीला फार महत्त्व येते. तेव्हा हलायचे असल्यास मुलाला बरेच आधी विश्वासात घ्यावे लागते. शेवटच्या मोठ्या परीक्षेपूर्वीच्या दोन वर्षांत मात्र, अगदी निरुपाय असल्याशिवाय, मुलाला हलवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या डिप्लोमासारखे दोन वर्षांचे अभ्यासक्रम मध्येच सोडून दुसऱ्या पद्धतीत शिरणे फार अवघड जाते.

प्रत्येक देशाच्या शिक्षणपद्धतीत एखादे वळण असते आणि ते कोणत्या वर्षी येते हे विचारून घ्यावे. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांकडे वळतात. तेथे चौथीच्या मध्यावर पोहोचणाऱ्या मुलाला भाषा नीट येण्याआधीच त्या निर्णयाला सामोरे जावे लागते. इंग्लंडमध्ये मुले साधारण चौथ्या वर्षी शाळेत बसू लागतात, फिनलंडमध्ये मूल सात वर्षांचे होते त्या वर्षी. त्यामुळे तेच मूल एका ठिकाणी वाचायला शिकून चुकलेले आणि दुसऱ्या ठिकाणी अजून खेळणारे असते. शाळेचे वर्षही कोठे जानेवारीच्या अखेरीस, कोठे एप्रिलमध्ये, तर कोठे सप्टेंबरमध्ये सुरू होते, आणि जन्मतारखेच्या मर्यादेमुळे मूल एक इयत्ता पुढे किंवा मागे जाऊ शकते. शक्य असल्यास वर्षाच्या आरंभी पोहोचावे.

चौथी पायरी: मुलाचा एक दिवस कागदावर मांडा

प्रत्येक संभाव्य ठिकाणासाठी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर मुलाचा मंगळवार लिहावा. सुट्टीचा दिवस घेऊ नये. ते किती वाजता उठेल, घरातून कोणाबरोबर आणि कसे निघेल, शाळेला पोहोचायला किती मिनिटे लागतील, शाळा सुटल्यावर घरी कोण असेल, सहा वाजता ते कोठे असेल, आणि आई किंवा वडील जागेपणी त्याला किती वेळ भेटतील, हे सगळे नोंदवावे. सध्याच्या ठिकाणचा मंगळवारही शेजारी लिहावा. मोठ्या पगाराच्या आणि नावाजलेल्या शाळेच्या ठिकाणी हे मूल रोज दोन तास बसमध्ये घालवणार आहे आणि वडिलांना फक्त झोपेत भेटणार आहे, ही गोष्ट अशा कागदावरच प्रथम उघडी पडते. शाळांच्या क्रमवारीला आपण गरजेपेक्षा जास्त वजन देतो; जवळची, बरी, शिक्षक टिकून असलेली शाळा मला दूरच्या उत्कृष्ट शाळेपेक्षा अधिक मोलाची वाटते.

त्याच कागदावर आणखी एक प्रश्न लिहावा: कोणत्या वयापासून हे मूल येथे एकट्याने मित्राच्या घरी, ग्रंथालयात किंवा मैदानावर जाऊ शकेल? सध्याच्या शहरात नऊ वर्षांचे मूल एकटे चालत शाळेत जात असेल आणि नव्या ठिकाणी त्याला पंधराव्या वर्षापर्यंत सोबत लागणार असेल, तर आपण त्याचे स्वातंत्र्य काढून घेत आहोत, याची जाणीव ठेवावी. याउलटही घडते, आणि मग तो बदल मुलासाठी फार आनंदाचा असतो.

हवेचीही चौकशी करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही पातळी सुचवली आहे. जगातील बहुतेक शहरे तिच्या वर आहेत, म्हणून नुसत्या सरासरीवर न थांबता वर्षातील सर्वांत वाईट दोन महिने कसे असतात ते पाहावे, विशेषतः मुलाला दम्याचा त्रास असेल तर. मुलाला वाचाउपचार, विशेष शिक्षण किंवा नियमित वैद्यकीय देखरेख लागत असेल, तर ती सेवा नव्या ठिकाणी प्रत्यक्ष कधी मिळेल याची तारीख विचारावी आणि ते उत्तर मिळेपर्यंत बाकीचे काही ठरवू नये.

पाचवी पायरी: साध्या दिवसांत राहून पाहा

सणासुदीला किंवा मोठ्या सुट्टीत घेतलेला अनुभव या कामी उपयोगाचा नाही. शाळा आणि कार्यालये चालू असताना तीन-चार आठवडे, शक्यतो हवामानाच्या कठीण महिन्यात, नातेवाइकांकडे न उतरता भाड्याच्या घरात राहावे. सकाळी शाळेच्या वेळी घर ते शाळा हा प्रवास खरोखर करून पाहावा. शाळेत गेल्यावर इमारत दाखवतील, ती पाहावी, पण विचारायचे ते हे: गेल्या वर्षी परदेशातून किती मुले आली, त्यांना भाषेसाठी वेगळा शिक्षक किती तास मिळतो, आणि नव्या मुलाबरोबर पहिले दोन आठवडे मधल्या सुट्टीत कोण असते. या तिसऱ्या प्रश्नाला तत्काळ आणि नेमके उत्तर देणारी शाळा अशी मुले हाताळण्याचा अनुभव असलेली असते.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे, तर कर वजा जाता हातात येणाऱ्या एकाच पगारावर घरभाडे आणि शाळा भागते का ते पाहावे, कारण जोडीदाराला काम मिळायला वेळ लागतो. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा. परदेशात भरलेल्या निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचे काय होते, म्हणजे दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार आहे का, हे विचारावे. पहिले वर्षभर घर विकत घेऊ नये.

सहावी पायरी: मुलाला योग्य तो प्रश्न विचारा

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील बारावे कलम सांगते की, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत ते मांडण्याचा हक्क आहे आणि वयानुसार व परिपक्वतेनुसार त्या मताला वजन द्यायचे आहे. याचा अर्थ निर्णयाचा भार त्याच्या खांद्यावर टाकावा असा होत नाही. निर्णय पक्का झाला असताना ‘तुला जायला आवडेल का?’ असे विचारणे ही फसवणूक आहे आणि मुलाला ती कळते. त्याऐवजी दोन योग्य शाळांपैकी कोणती, कोणत्या वस्तू बरोबर न्यायच्या, जुन्या मित्रांना केव्हा आणि कसे भेटायचे, असे जेथे त्याच्या उत्तराने खरोखर काही बदलेल, तेच प्रश्न विचारावेत. कशाची सर्वांत जास्त भीती वाटते, हेही विचारावे आणि उत्तर लगेच खोडून काढू नये.

सातवी पायरी: ठरवा, आणि फेरविचाराची तारीखही ठरवा

दोन किंवा तीन ठिकाणे उरल्यावर त्यांना गुण देऊन बेरीज करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. बेरजेत एका गंभीर उणिवेवर चार किरकोळ सोयी मात करतात. आधी प्रत्येकाने नकाराची एक-दोन कारणे सांगावीत, जी असताना तेथे जायचेच नाही. त्यातून वाचलेल्या ठिकाणांचे मंगळवारचे कागद शेजारी ठेवावेत आणि मगच निवड करावी.

परतीचे दार किती काळ उघडे राहील हेही पाहून ठेवावे. युरोपीय संघातील दीर्घकालीन निवासाचा दर्जा सलग १२ महिने संघाबाहेर राहिल्यास सामान्यतः जातो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असणाऱ्याने वर्षाहून अधिक काळ बाहेर राहायचे असल्यास निघण्याआधी पुनःप्रवेशाचा परवाना मागावा लागतो. फेरविचार मात्र शाळेची दोन वर्षे पूर्ण झाल्यावरच करावा, कारण त्याआधी मुलाची भाषाच स्थिरावलेली नसते आणि पहिल्या हिवाळ्यातील रडण्यावरून कोणतेही ठिकाण जोखता येत नाही. त्या दिवशी मंगळवारचा जुना कागद काढावा, मुलाच्या हाती नवा कोरा कागद द्यावा आणि आताचा मंगळवार त्याला स्वतःला लिहू द्यावा.