वाईनच्या गाळावर हरभऱ्याचं रायझोबियम

हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे रायझोबियम जिवाणू मी वाईनच्या गाळातून काढलेल्या अर्कावर घरीच वाढवते. रेड वाईनचा गाळ घेऊ नका. आधीच सांगते, कारण पहिल्या वर्षी मी तोच उचलून आणला होता. पाच दिवस शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) गरगरला, फ्लास्क मात्र जसेच्या तसे. त्यातली टॅनिनं जिवाणूंना वाढू देत नाहीत. गाळ व्हाईट वाईनचाच हवा.

आमची शेड दिंडोरी तालुक्यात, सासऱ्यांच्या बागेच्या कडेला. आजूबाजूच्या वायनऱ्यांत जानेवारी ते मार्च द्राक्षं येतात. आंबवण संपलं की टाकीच्या तळाशी यीस्टचा दाट गाळ बसतो. तिथली माणसं त्याला ‘लीज’ म्हणतात. रायझोबियमच्या माध्यमाला, म्हणजे ते वाढतं त्या खाद्यद्रावणाला, लागणारा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आपण बाटलीतून विकत आणतो, तोही अशाच यीस्टपासून काढलेला असतो. गाळातून तो घरी काढायचा, एवढंच काम. त्यातली निम्मी मेहनत धुण्यात जाते.

गाळात अल्कोहोल, आम्ल आणि वाईन टिकवायला घातलेलं सल्फाइट असतं. आधी चाळणीतून बिया-सालं काढा. मग एक भाग गाळाला चार भाग थंड पाणी घालून ढवळा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वरचं पाणी ओतून द्या. असं चार वेळा. पीएच पट्टी साडेतीनवरून पाचकडे सरकली आणि वाईनचा वास गेला की पुरे. (सासूबाईंच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. वेगळा जुना फ्रिज घ्या, घरात शांतता राहते.) बागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारलेलं असतं, त्यातलं तांबं यीस्टच्या पेशी धरून ठेवतात. ते धुऊन सगळं जात नाही, म्हणून शेवटी सांगितलेली तुलना टाळू नका.

आता यीस्टनं स्वतःलाच पचवायचं. धुतलेला गाळ १ किलो, पाणी १ लिटर, मीठ २० ग्रॅम. चिमूट-चिमूट खायचा सोडा घालून पीएच साडेपाचवर आणा. मग २४ तास ५० अंशांवर ठेवा. मी थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावलाय, त्याला अंडी उबवणीच्या यंत्राचा डिजिटल थर्मोस्टॅट. बल्ब थर्माकोलला टेकू देऊ नका. या तापमानाला यीस्ट मरतं, पण त्याची विकरं (एन्झाइम) जिवंतपणी असतात तशीच कामाला राहतात आणि आतली प्रथिनं तोडतात. पारा ६०च्या वर गेला तर विकरंही मंदावतात, मग हाती नुसता कच्चा गाळ. चार-पाचदा ढवळा. दुसऱ्या दिवशी रंग तपकिरी आणि वास भाजलेल्या वाटणासारखा यायला हवा. कुजका वास आला तर सरळ फेका.

मग ८५ ते ९० अंशांवर १५ मिनिटं तापवा, निवू द्या, वरचा अर्क मांजरपाटातून गाळा. छोट्या बाटल्यांत भरून फ्रीझरला टाका. गाळ मार्चचा आणि हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, तोवर टिकायला हवा.

एक लिटर माध्यमाला गूळ १० ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, अर्क १५ मिली. मीठ वेगळं नको, अर्कातच आलंय. पीएच ७. गूळ काळपटच घ्या. पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस (गूळ उजळवणारी गंधकयुक्त पूड) मारलेला असला, तर जे सल्फाइट चार रात्री धुतलं तेच मागच्या दारानं परत येतं. आणि अर्क जास्त घालायचा मोह आवरा. रायझोबियमला तो फार झाला की पेशी फुगून वेड्यावाकड्या होतात. सोयाबीनवाल्यांनो, ही कृती तुमच्यासाठी नाही: सोयाबीनच्या ब्रॅडिरायझोबियमला गुळातली साखर नीट पचत नाही, त्याला मॅनिटॉल किंवा ग्लिसरॉलच द्या.

कुकरमध्ये १५ पौंड दाबावर २० मिनिटं असं पुस्तकात असतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, बाहेरचा हवेचा दाब कमी, म्हणून मी २५ देते.

बीज-कल्चर, म्हणजे सुरुवातीला माध्यमात सोडायचे जिवाणू, शुद्धच हवं, कृषी विद्यापीठातून आणलेलं. शेतातल्या मुळावरची गाठ फोडून सुरुवात करू नका, त्यातून काय काय वाढेल ते घरी ओळखता येत नाही. २८ ते ३० अंशांवर, शेकरवर तीन-चार दिवस.

आता ती तुलना. एकाच दिवशी, एकाच कल्चरमधून तीन फ्लास्क बाटलीतल्या एक्स्ट्रॅक्टचे आणि तीन तुमच्या अर्काचे लावा. चौथ्या दिवशी काँगो रेड हा लाल रंग घातलेल्या माध्यमाच्या प्लेटवर पसरा. रायझोबियमच्या वसाहती पांढुरक्या, बुळबुळीत राहतात, रंग फारसा घेत नाहीत. लालभडक ठिपके दिसले तर भेसळ. खत नियंत्रण आदेशानुसार द्रव जिवाणू खतात मिलीलिटरला १० कोटी जिवंत पेशी लागतात. माझ्या अर्काचा आकडा बाटलीतल्या एक्स्ट्रॅक्टच्या आकड्याच्या निम्म्याखाली आला तर ती खेप मी बागेच्या खड्ड्यात ओतते, गाळ पुन्हा धुवायला घेत नाही.

वापरलेले फ्लास्क, प्लेट सगळं कुकरमधून काढल्याशिवाय मोरीत जाऊ देऊ नका. आणि हे स्वतःच्या शेतापुरतं. विकायचं असेल तर आधी कृषी विभागाचा परवाना काढा.