बॅकअपवरून लोकल डेटाबेस उभा करताय? या चुका टाळा

‘डंप इम्पोर्ट होत नाहीये, काय करू?’ असं कुणी विचारलं (डंप म्हणजे डेटाबेसच्या बॅकअपची फाईल, इम्पोर्ट म्हणजे ती आपल्या डेटाबेसमध्ये ओतणं) की मी आधी एकच विचारतो : फाईल उघडून बघितलीस का? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. कुठूनतरी कमांड उचलायची, फाईलचं नाव बदलायचं, एंटर मारायचा आणि एरर आला की स्क्रीनशॉट पाठवायचा. ही घाई नवीन मुलांना फार महागात पडते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

फाईल न बघताच ओतणं

टर्मिनलवर ‘हेड’ने पहिल्या चाळीसेक ओळी बघा आणि ‘टेल’ने शेवटच्या. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या डंपमध्ये वरच सर्व्हरची आवृत्ती आणि डेटाबेसचं नाव असतं. शेवटी सहसा ‘डंप कम्प्लीटेड’ अशी ओळ असते. ती नसेल तर फाईल बहुधा अर्धवट उतरली आहे, पुन्हा मागवा.

आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलाने ‘चाचणी’ नावाचा कोरा डेटाबेस तयार केला आणि लाइव्हचा (ग्राहक वापरतात त्या खऱ्या डेटाबेसचा) डंप त्यात ओतला. एकही एरर नाही. पण ‘चाचणी’ रिकामाच. त्याने पुन्हा ओतला, तरी रिकामा. संध्याकाळी कळलं की डंप घेणाऱ्याने ‘डेटाबेसेस’ हा पर्याय वापरला होता. अशा फाईलमध्ये ‘क्रिएट डेटाबेस’ आणि ‘यूज’ या ओळी येतात, आणि कमांडमध्ये तुम्ही कुठलंही नाव द्या, ‘यूज’ सांगेल त्याच डेटाबेसमध्ये माल जातो. त्या मुलाच्या मशीनवर लाइव्हच्याच नावाचा जुना डेटाबेस होता आणि त्यात तीन आठवडे हाताने भरलेल्या चाचणीच्या नोंदी होत्या. मायएसक्यूएलचा डंप प्रत्येक टेबलाआधी ‘ड्रॉप टेबल इफ एग्झिस्ट्स’ (टेबल आधीच असेल तर काढून टाक) लिहितो, ते न मागताच येतं. सगळं पुसलं गेलं. त्या नोंदी परत भरायला चार दिवस लागले. मी शेजारी बसून त्या भरू लागलो होतो, म्हणून सांगतो.

तेव्हापासून माझी सवय : आधी ‘ग्रेप’ या शब्द शोधणाऱ्या कमांडने ‘यूज’ची ओळ शोधायची, सापडली तर ती आणि ‘क्रिएट डेटाबेस’ काढून टाकायची. आणि ओतण्यापूर्वी स्वतःच्या लोकलचाही (आपल्या मशीनवरच्या डेटाबेसचाही) डंप घ्यायचा. काही मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

एरर वाहून जाऊ देणं

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरचा ‘पीएसक्यूएल’ हा क्लायंट (कमांड चालवणारा प्रोग्राम) एरर आला तरी थांबत नाही, पुढची ओळ चालवत राहतो. स्क्रीन सरसर वर जाते, शेवटी सगळं शांत दिसतं आणि माणूस समजतो, झालं. आठवड्याने कळतं की एका टेबलावर फॉरेन की (दोन टेबलांना जोडणारा दुवा) लागलेलीच नाही. ‘ऑन एरर स्टॉप’ चालू करूनच रिस्टोअर करा, म्हणजे बॅकअप परत ओता.

मायएसक्यूएलचा क्लायंट पहिल्या एररला थांबतो, तर लोक त्याला ‘फोर्स’ लावतात! ‘फोर्स’ने एरर सुटत नाही, फक्त तो बाजूला सारून काम पुढे जातं. तो शॉर्टकट कुणी सुचवला तर ऐकू नका.

अर्धवट रिस्टोअरवर पुन्हा रिस्टोअर करणं हीसुद्धा याच घाईची चूक. पोस्टग्रेसमध्ये प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) नसलेल्या टेबलांत नोंदी दुप्पट होतात. मी प्रत्येक वेळी डेटाबेस ड्रॉप करतो, नवा करतो, मगच ओततो.

थोडक्यात बाकीच्या

पोस्टग्रेसची फाईल वाचता येत नसेल आणि सुरुवातीला ‘पीजीडीएमपी’ ही पाच अक्षरं दिसत असतील, तर ती कस्टम फॉरमॅटची आहे. तिला ‘पीजी रिस्टोअर’च लागतो.

‘रोल अस्तित्वात नाही’ असा एरर आला (रोल म्हणजे पोस्टग्रेसचा युजर) तर ‘नो ओनर’ हा पर्याय लावा. लोकलवर लाइव्हचे युजर बनवत बसू नका.

नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या सर्व्हरवर ओतायला जाऊ नका. मायएसक्यूएल ८ मधलं ‘०९००’वालं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) ५.७ ला ओळखता येत नाही. फाईलमध्ये शोधून-बदलून काम भागतं, पण मी सर्व्हरच अपग्रेड करतो.

विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये ‘>’ या खुणेने डंप घेतला की फाईल यूटीएफ-१६ या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये लिहिली जाते आणि इम्पोर्ट पहिल्याच ओळीला अडतो. डंपच्या कमांडमधला ‘रिझल्ट फाईल’ हा पर्याय वापरा.

मराठी नावं नीट दिसली म्हणून कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) बरोबर आहे, असं धरू नका. देवनागरी अक्षर ३ बाइटचं असतं, मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये ते बसतं. बहुतेक इमोजी ४ बाइटचे असतात, ते बसत नाहीत. ‘यूटीएफ८एमबी४’च ठेवा आणि इमोजी असलेली एखादी नोंद उघडून बघा.

खरे ईमेल तसेच ठेवणं

लाइव्हचा डेटा लोकलवर आला म्हणजे खऱ्या माणसांचे पत्ते आले. ॲप सुरू केलं, पार्श्वभूमीतलं क्यूचं (रांगेत ठेवलेल्या कामांचं) काम जागं झालं, की थकबाकीची स्मरणपत्रं खऱ्या ग्राहकांना जाऊ शकतात. मी हे होताना पाहिलंय, आणि माफीचे फोन करायला जो बसला त्याची यात काही चूक नव्हती. म्हणून रिस्टोअर संपल्यावर, ॲपला हात लावण्याआधी, माझी पहिली क्वेरी ठरलेली असते : सगळ्या ईमेलच्या शेवटी ‘.इन्व्हॅलिड’ जोडायचं. हा डोमेन राखीव आहे, त्यावर मेल पोचूच शकत नाही. मग फोन नंबर. मग क्यूचं टेबल रिकामं. त्यानंतरच सर्व्हर चालू.