फील्ड टेस्ट करताय? निदान या चुका टाळा

फील्ड टेस्ट म्हणजे नजर एका जागी स्थिर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं ते दिवे दाखवून तपासणं; दिवा दिसला की रुग्ण बटण दाबतो. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी काढलेल्या अशा टेस्टचा कागद हाती आला की बहुतेकांची नजर थेट काळ्या-करड्या नकाशावर जाते. वर कोपऱ्यात छापलेले आकडे कोणी वाचत नाही: नजर किती वेळा हलली, दिवा नसताना बटण किती वेळा दाबलं, ठळक दिवा समोर येऊनही किती वेळा दाबलं नाही. नजर हलण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं तर ही टेस्ट घेणारं हम्फ्री मशीन स्वतःच तिथे फुल्या मारून देतं. असा कागद मी बाजूला ठेवते. नवी पोरं त्यावरच 'टनेल व्हिजन' (फक्त मधलंच दिसतं) लिहून मोकळी होतात.

गोंदियाकडच्या एका आजींचं असंच झालं. रात्रभराचा प्रवास, सकाळपासून रांग, पोटात काही नाही. नागपुरातल्या एका ठिकाणी भर दुपारी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची टेस्ट एका दमात उरकली. कागदावर मध्याभोवती चार पांढुरके तुकडे, चार पाकळ्यांच्या फुलासारखे, आणि भोवती सगळा अंधार. हा आकार दिसला की मी आधी रुग्ण झोपला होता का ते विचारते. मशीन प्रत्येक चतुर्थांशातला एकेक बिंदू सुरुवातीला तपासतं, मग बाहेर सरकतं. आजी तेवढे चार बिंदू जाग्या होत्या, पुढे डोळा लागला. दुसऱ्या दिवशी चहा-पोहे खाऊन, मध्ये विश्रांती देऊन परत टेस्ट घेतली. काचबिंदूचा खरा डाग वरच्या भागात, नाकाच्या बाजूला निघाला. बाकी फील्ड शाबूत.

मुलगा मात्र हिरमुसला. "मॅडम, तो पहिलाच कागद लावा ना. चाळीस टक्के तं भेटून राहिले होते!" अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर बऱ्याच सवलती मिळत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण तोच कागद फाइलीत राहिला असता तर काचबिंदू शेवटच्या टप्प्यातला ठरला असता, आणि पुढची प्रत्येक टेस्ट त्या खोट्या अंधाराशी ताडून बघितली गेली असती. तसंही पहिल्यांदा बसणाऱ्याची पहिली टेस्ट मी कधीच अंतिम धरत नाही. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही, नसेना का.

उलट दिशेची चूक जास्त वाईट. तक्त्यावर ६/६ वाचलं की "याला कसलं अपंगत्व" म्हणून परत पाठवणं. रातांधळेपणाच्या आजारात (रेटिनायटिस पिगमेंटोसा) मधली नजर कितीतरी वर्षं टिकते, माणूस मात्र दाराच्या चौकटीला धडकत असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टिक्षेत्राचा (म्हणजे फील्डचा) स्वतंत्र निकष आहे: ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत उरलं तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. तिथे फील्ड न काढता सही करणं म्हणजे निव्वळ आळस. आणि फक्त '१०-२' नावाची टेस्ट काढून थांबू नका, त्यात मध्यापासून १० अंशांपलीकडे काय आहे ते कळतच नाही.

सूचना देण्यातही घाई नडते. "दिवा दिसला की दाबा" एवढं सांगून दार लोटून घेतात. निम्म्याच्या आसपास दिवे निरोगी डोळ्यालाही दिसणार नाहीत अशीच मशीनची रचना असते. हे आधी सांगितलं नाही की माणूस घाबरतो आणि अंदाजाने दाबत सुटतो. छिंदवाड्याहून आलेल्याला हिंदीत सांगा, आणि पहिली काही मिनिटं शेजारी उभे राहा. मोबाइल खिशात.

बाकीचं थोडक्यात. पापणी लोंबत असेल तर चिकटपट्टीने वर धरा, नाहीतर वरचा भाग गेलेला दिसेल. रुग्णाचा बायफोकल चष्मा चालत नाही. वयानुसार जवळचा नंबर, तोही बारीक कडेच्या भिंगात. भिंग डोळ्यापासून लांब राहिलं की कडेचीच सावली फील्डमध्ये छापली जाते. दुसऱ्या डोळ्यावर रुमाल नको, नीट पट्टी लावा. मे महिन्यात कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नका, डोळे कोरडे पडतात. बाहुली मोठी करायचे थेंब टेस्ट झाल्यावरच घाला; आधी कोणी घातले असतील तर त्या दिवशी फील्ड काढू नका, दुसरी तारीख द्या.