कोयत्याचा टवका का उडतो? पाणी देताना या चुका टाळा

शहाळं तासताना कोयत्याचा टवका उडाला की पहिली शिवी पाट्याला, म्हणजे गाडीच्या ज्या कमानपाट्यातून कोयता घडवला त्याला बसते. आधी तुटलेली जागा उन्हात धरून बघा. माझ्या पहिल्या कोयत्याची तूट साखरेसारखी चमकत होती, दाणा न दाणा वेगळा दिसत होता. नीट पाणी दिलेल्या, म्हणजे लाल तापवून झटकन निववून कडक केलेल्या पोलादाची तूट राखाडी आणि बारीक पोताची असते. साखर दिसली म्हणजे पातं भट्टीत जास्त तापलं. पाटा बिचारा चांगलाच होता.

पिवळंधमक होईपर्यंत भाता मारायची हौस आपल्याला नडते. कमानपाट्याला साधारण ८३० अंश पुरतात. ७७० अंशांच्या आसपास लोहचुंबक चिकटेनासं होतं. तिथून रंगाची एक छटा वर, बस. त्यापुढे पोलादातले कण फुगत जातात आणि मोठ्या कणांमधून तडा सुसाट पळतो. भर उन्हात रंग फसवतो, म्हणून हे काम सावलीत करा. कण फुगले तरी पातं वाया गेलेलं नसतं. ते तीनदा तापवा, दर वेळी आधीपेक्षा जरा कमी, आणि प्रत्येक वेळी उघड्या हवेत काळं पडेपर्यंत निवू द्या. मग पाणी द्या.

'पाणी देणं' हा नुसता शब्द झाला; पाट्याला ५०-६० अंश गरम केलेलं तेलच द्या. पाण्याच्या बादलीत बुडवलंत आणि बारीकसा 'टिंग' ऐकू आला, तर पातं भंगारात गेलं म्हणा.

तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते रात्रभर तसंच ठेवू नका. लगेच २०० अंशांवर दोन तास, निवू द्या, पुन्हा दोन तास. घरच्या ओव्हनच्या बटणावर विश्वास नको, आत वेगळा तापमापक ठेवा. धार गव्हाळ रंगाची झाली पाहिजे. आणखी तापवून निळी केली की जास्त चिवट होते, हा समज सोडा: २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात बऱ्याच पोलादांचा चिवटपणा उलट घटतो.

पोलाद निवडताना आधी काम बघा. पाट्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, म्हणून तो घाव सोसतो. बेअरिंगच्या पोलादात १ टक्का. भाजीची पातळ सुरी झकास होते, कोयता नको. डी-२ या हत्यारांच्या पोलादात दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम. त्यातले कार्बाइडचे (कार्बन आणि क्रोमियमच्या कडक संयुगाचे) मोठे खडे धार टिकवतात, पण घाव बसला की तडा तिथूनच सुरू होतो. पॉवर सॉच्या (धातू कापायच्या यांत्रिक करवतीच्या) पात्याची सुरी फरशीवर पडली की तुकडे व्हायची भीती. बांधकामाच्या साध्या सळईला मात्र कितीही पाणी द्या, धार वळणारच.

चांगल्या पोलादाची धार वळली तर ग्राइंडरवर ती जास्त तापली होती का, ते आठवा. धारेवर निळा डाग आला असेल तर तेवढी जागा मऊ पडली, ती घासून काढावी लागेल. आणि कानस लावून कडकपणा तपासताना वरची खपली आधी काढा. तिथला कार्बन भट्टीत जळालेला असतो, त्यामुळे कडक पातंही मऊ वाटतं.

जुन्या पाट्यात तडे लपलेले असतात. कापण्याआधी त्याला रॉकेल चोपडा, पुसून कोरडा करा, वर खडू फासा. थोड्या वेळाने ओली रेघ उमटली, तर तेवढा तुकडा घेऊच नका.